आम्ही कॅमेरा घेतो

लग्न जुळवणे, भाड्याचे घर शोधणे आणि कॅमेरा विकत घेणे या तीन प्रसंगी सल्ला देणाऱ्यांची वानवा कधीच पडत नाही, असा आमचा अनुभव आहे. पहिले दोन प्रसंग आम्ही यथाकाल पार पाडले. तिसरा मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर अकस्मात वाट्याला आला, आणि त्याने आमची जेवढी परीक्षा पाहिली तेवढी पहिल्या दोघांनी मिळूनही पाहिली नव्हती. येथे ‘आम्ही’ म्हणजे या शाळेत विज्ञान शिकवणारा आणि वार्षिकाच्या छायाचित्रांचे काम ज्याच्या गळ्यात पडले आहे तो एकच मनुष्य, हे प्रारंभीच सांगून टाकतो. कारण पुढे जी चूक कबूल करावयाची आहे तिचे वाटेकरी होण्यास दुसरे कोणी पुढे येणार नाही.

गोष्टीचा आरंभ आमच्या मामांपासून होतो. मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातून जी असंख्य माणसे पोटासाठी सुरतेला आली, त्यांतलेच ते एक. आधी काही वर्षे त्यांनी मागावर रात्रपाळी केली. मग शाळेच्या घंटेचा दांडा त्यांच्या हाती आला, तो एकतीस वर्षे सुटला नाही. मामा चालत नसत, धावत. घंटा देऊन ते पाण्याच्या टाकीकडे धावत, तेथून कार्यालयाकडे आणि कार्यालयातून खडूची पेटी घेऊन वर्गाकडे. एवढ्या वर्षांत त्यांना स्वस्थ बसलेले पाहिल्याचे कोणालाही स्मरत नाही.

जानेवारी २०२४ च्या स्नेहसंमेलनात मुलांनी मामांना लेझीमच्या पथकात ओढले. आढेवेढे घेत मामा रंगमंचावर चढले खरे. पण हलगीचा ठेका कानी पडताच त्या वृद्ध देहात असे काही संचारले, की पुढच्या रांगेतली पोरे ठेका चुकून त्यांच्याकडेच पाहत राहिली. पिवळा फेटा बांधलेले मामा एका पायावर गिरकी घेत होते, वाकत होते, उसळत होते. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही त्या वेळी पाहुण्यांच्या रांगेत, खुर्चीवर बसून, शाळेच्या जुन्या लहान कॅमेऱ्याने छायाचित्रे काढीत होतो. दुसऱ्या दिवशी संगणकावर पाहतो तो काय! रंगमंच स्पष्ट होता, मागचा पडदा स्पष्ट होता, पडद्यावरच्या अक्षरांतली शुद्धलेखनाची चूकदेखील स्पष्ट होती. मामांच्या जागी मात्र एक पिवळा फराटा होता. त्याला चेहरा नव्हता.

आम्ही मामांना म्हणालो, “पुढच्या वर्षी काढू, मामा.” मामा हसले आणि मधल्या सुट्टीची घंटा द्यायला धावले.

पुढचे वर्ष मामांसाठी उजाडले नाही. त्याच वर्षी आषाढात, दोन दिवसांच्या तापाचे निमित्त होऊन, ते गेले. तेराव्यानंतर मामी शाळेत आल्या. मामांचा नातू आमच्याकडेच आठवीत शिकतो. त्याचा हात धरून त्या आल्या होत्या. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे, पण तो पाहवत नाही, त्यात ते दुसरेच कोणी वाटतात, असे त्या म्हणाल्या. त्या दिवशी लेझीम खेळताना सरांनी फोटो काढला होता असे नातू सांगतो, तो मिळेल काय, एवढेच त्यांचे मागणे होते. आम्ही संगणक उघडून ते चित्र दाखवले. मामींनी पुष्कळ वेळ त्याकडे पाहिले. मग दुसरा एखादा आहे का, असे विचारले. आम्ही मान हलवली आणि म्हणालो, “काय करणार मामी, कॅमेरा फार जुना आहे.” “असू द्या,” असे म्हणून त्या उठल्या.

त्या दिवशी आम्ही निश्चय केला, की शाळेला चांगला कॅमेरा घ्यावयाचा; असा, की जो मंद प्रकाशातही पाहील आणि धावत्या माणसालाही धरील. आकार मात्र खिशात मावेल एवढाच हवा. कारण शाळेतला कॅमेरा हा दहा हातांतून फिरणारा पदार्थ आहे, आणि जड वस्तू कपाटात राहते, हलकीच हाती येते.

पैशाचा प्रश्न पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी सोडवला. कोणी मागावरच्या पगारातून शंभर दिले, कोणी साडीच्या दुकानातल्या दिवाळीच्या बक्षिसातून पाचशे दिले, मुलांनी रद्दी विकली. सव्वीस हजार पाचशे रुपये जमले. ज्या पैशाला घामाचा वास असतो तो खर्च करताना हात कापतो. त्यामुळे आम्ही प्रथम बाजारात न जाता पुस्तकांकडे आणि मग नववीच्या चार विद्यार्थ्यांकडे वळलो. कारण शिकण्याचा उत्तम मार्ग शिकवणे हाच होय, असे आमच्या गुरुजनांनी आम्हांस सांगितले होते.

मुलांना आम्ही प्रथम एक जुनी हकिगत सांगितली. १८३८ साली डागेर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचे चित्र आपल्या घराच्या खिडकीतून टिपले. भर दिवसाची वेळ, रस्त्यावर घोडागाड्यांची आणि माणसांची वर्दळ. पण चित्रात रस्ता ओस दिसतो. त्या काळी पट्टीवर चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. तेवढ्यात जे जे हलले ते ते नाहीसे झाले. उरला तो फक्त एक मनुष्य, जो रस्त्याच्या कडेला उभा राहून बुटांना पॉलिश करून घेत होता. छायाचित्रात उमटलेला तो पहिला मनुष्य मानतात, तो केवळ उभा राहिला म्हणून. गोष्ट ऐकून मामांचा नातू म्हणाला, “म्हणजे आजोबांसारखी माणसं सगळी पुसली गेली.” आम्हांला क्षणभर पुढे बोलता आले नाही.

गणित तेच आहे. बदलला आहे तो केवळ अवधी. लेझीमच्या वेगात माणसाचा हात सेकंदाला तीन मीटर सरकतो असे धरा. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात हात दहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. तेथे फराटा उमटणारच. तेच शटर पाचशेव्या भागापुरते उघडले, तर हात केवळ सहा मिलिमीटर सरकतो, आणि बोटे मोजता येतात. मग सदैव पाचशेवा भागच का घेऊ नये? कारण शटर जितका कमी वेळ उघडे, तितका प्रकाश आत कमी येतो. नळ थोडाच वेळ येणार असेल तर घागर भरण्यास एक तर तोटी मोठी हवी, नाही तर घागर लहान हवी. सुरतेच्या चाळीत वाढलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागले नाही.

तोटी म्हणजे भिंगाचे तोंड. भिंगावर जो १.८, २.८, ५.६ असा आकडा असतो, तो जितका लहान तितके तोंड मोठे, हे उलटे गणित प्रथम डोक्यात बसवावे लागते. २, २.८, ४, ५.६ ही त्याची शिडी. प्रत्येक पायरी खाली उतरताना प्रकाश दुप्पट होतो. म्हणजे ५.६ वरून २ वर आलो, की तीन पायऱ्या, आणि प्रकाश आठपट. जेथे तिसावा भाग लागत होता, तेथे आता अडीचशेवा भाग पुरेल. शिवाय सेन्सरची संवेदनक्षमता, जिला आयएसओ म्हणतात, ती ८०० वरून १६०० केली, की पाचशेवा भाग हाती आला. एवढे गणित फळ्यावर मांडले तेव्हा मुलांच्या लक्षात आले, की आपल्याला कॅमेरा नव्हे, तीन पायऱ्या विकत घ्यावयाच्या आहेत.

मात्र आयएसओ वाढवणे हे उसने घेण्यासारखे असते. फेडावे लागते ते चित्रातल्या रवाळपणाने. सेन्सर लहान असेल तर चित्र वाळूने चोळल्यासारखे दिसते, मोठा असेल तर पुष्कळ सहन होते. सामान्य लहान कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो. त्याहून चांगल्या कॅमेऱ्यात ‘एक इंची’ सेन्सर मिळतो. तो प्रत्यक्षात एक इंच नसतोच. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यातल्या काचनळ्यांच्या मापावरून ते नाव पडले आहे. त्याचे खरे माप १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. तरीही क्षेत्रफळ डाळीच्या चौपट भरते. आणि शेत चौपट असेल तर पावसाचे पाणीही चौपट साठते.

एवढी शिदोरी बांधून आम्ही बाजारात उतरलो. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये सुरत लुटली; त्याची भरपाई येथील काही दुकानदार आजच्या मराठी गिऱ्हाइकाकडून हप्त्याहप्त्याने करून घेत असावेत, अशी आम्हांस जुनी शंका आहे. पहिल्या दुकानात आमच्यापुढे एक लठ्ठ कॅमेरा आला. “साहेब, चाळीसपट झूम! चंद्र काढा चंद्र!” आम्ही नम्रपणे म्हणालो, की आम्हांला चंद्र नको, आमची मुले हवीत, आणि तीही रात्रीच्या दिव्यात कबड्डी खेळताना. दुकानदाराने मेगापिक्सेलचा आकडा सांगितला. आम्ही सेन्सरचे माप विचारले. त्याने पिशवी फुकट देऊ केली.

घरी आल्यावर एका पालकांनी आमचे समाधान केले. ते वराछ्याच्या बाजूला हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडण्याचे काम करतात. म्हणाले, “सर, वजन बघून हिरा घेणारा फसतो. प्रकाश वजनानं नाही खेळत, पैलूनं खेळतो. तुमचे मेगापिक्सेल म्हणजे वजन हो!” दुसरे पालक मागावरचे, त्यांनी आणखी चोख दृष्टांत दिला. इंचामागे धाग्यांची संख्या वाढवली, पण सूतच बारीक आणि कच्चे घेतले, तर कापड मोजणीला घट्ट भरते आणि धुण्याला विरते. डाळीएवढ्या सेन्सरवर कोट्यवधी ठिपके बसवणे हे तसेच. आम्ही पंचवीस वर्षे विज्ञान शिकवले. परंतु सेन्सरचे तत्त्व इतक्या थोडक्यात सांगणे आम्हांस साधले नव्हते.

येथे एक आक्षेप वाचकांच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे: मोबाईल असताना कॅमेरा कशाला? जगानेही हाच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर आपल्या परीने देऊन टाकले. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात रवाना झाले होते. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्याही आत आला. मोबाईलचा रात्रीचा फोटो आम्हीही पाहिला आहे, आणि तापीच्या पुलावरच्या दिव्यांचे त्याने काढलेले चित्र पाहून थक्क झालो आहोत. पण त्याची युक्ती अशी, की तो लागोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकावर एक रचतो. पूल हलत नाही, म्हणून ती रचना जमते. लेझीम खेळणारा मनुष्य हलतो, आणि मग एका देहाला तीन हात फुटतात. कॅमेऱ्यातल्या ‘स्थिरक’ व्यवस्थेचेही तसेच. ती आपल्या हाताचा कंप सावरते, समोरच्याची धाव नाही. भूकंप आपल्या घरात आहे की शेजारच्या, हे ओळखल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

फ्लॅशचा पर्यायही कोणी सुचवला. परंतु प्रकाशाचा नियम कठोर आहे. अंतर दुप्पट झाले, की उजेड चौथाईवर येतो. लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या टकलापर्यंत पोहोचतो आणि तेथेच थकतो. शिवाय ऐन गिरकीत मुलांच्या डोळ्यांवर वीज पाडणे आम्हांस मान्य नव्हते.

अखेर यादी तीन नावांवर आली. रिको कंपनीचा जीआर-३. त्याचा सेन्सर एक इंचीच्याही तिप्पट मोठा, पण भिंगाला झूम मुळीच नाही आणि तोंड २.८. कॅनन कंपनीचा जी-७ एक्स मार्क-२, २०१६ सालचा; एक इंची सेन्सर, भिंग रुंद टोकाला १.८ आणि लांब टोकालाही २.८. आणि सोनी कंपनीचा आरएक्स-१००, २०१२ साली आलेला. एक इंची सेन्सर, वजन बॅटरीसह अवघे २४० ग्रॅम, रुंद टोकाला १.८, पण लांब टोकाला ४.९. शेवटच्या दोघांची झूम सारख्याच अंतरापर्यंत पोहोचते. पण तेथे पोहोचल्यावर पहिल्याच्या भिंगातून दुसऱ्याच्या तिप्पट प्रकाश येतो. गुणांचा निकाल उघड होता. परंतु आमच्या सव्वीस हजार पाचशेत पहिली दोन नावे बसत नव्हती. वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात तिसरे नाव बसत होते.

मन मात्र खट्टू झाले. जेथे ४.९ तेथे आमच्या शिडीच्या तीन पायऱ्या कशा मिळणार? तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, “सर, आधी मामांच्या फोटोची नोंद बघू या. आपल्याला नक्की किती उजेड कमी पडला ते कळेल.” डिजिटल छायाचित्राच्या पोटात त्याची जन्मपत्रिका असते: शटर किती वेळ उघडे होते, भिंगाचे तोंड किती होते, झूम कोठे होती, हे सारे त्यात लिहिलेले असते. तिने ती उघडली आणि मोठ्याने वाचली. शटर, सेकंदाचा तिसावा भाग. आयएसओ ८००. तोंड ५.६. झूम, शेवटच्या टोकाला. मग तिने जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगावरचे आकडे पाहिले. रुंद टोकाला त्याचे तोंड २.८ पर्यंत उघडत होते.

तिने आमच्याकडे पाहून अगदी निरागसपणे विचारले, “सर, तुम्ही फार लांब बसला होतात का?”

वाचकहो, आम्ही पाहुण्यांच्या रांगेत बसलो होतो. तेथे पंखा होता. उठून रंगमंचाच्या कडेशी जाणे, गुडघे टेकून बसणे, हे त्या दिवशी आम्हांला जमण्यासारखे होते. आम्ही झूम ओढली आणि जागेवरूनच काम भागवले. पुढे गेलो असतो, तर त्याच जुन्या कॅमेऱ्याला चौपट प्रकाश मिळाला असता. तिसाव्या भागाऐवजी सव्वाशेवा भाग मिळाला असता. चित्र रवाळ आले असते, फेट्याची कड पुसट आली असती. पण चेहरा आला असता. ज्या वाक्याने आम्ही मामींना परत पाठवले, ते वाक्य अर्धेच खरे होते. कॅमेरा जुना होता हे खरे, आणि आम्ही खुर्चीवरून उठलो नाही हेही खरे. दुसरे आम्ही सांगितले नव्हते. किंबहुना तोवर आम्हांलाच ते ठाऊक नव्हते. इतके दिवस आम्ही कॅमेऱ्याचे दोष शोधीत होतो. पत्रिकेत नाव निघाले ते आमचे.

त्या दिवसापासून निवडीचा गुंता सुटला. लांब टोकाच्या ४.९ ची चिंता उरली नाही. कारण ते टोक वापरावयाचेच नाही, पायांनी पुढे जावयाचे, असे ठरले. भागळच्या बाजूच्या एका वृद्ध गुजराती दुकानदाराकडे चांगल्या स्थितीतला आरएक्स-१०० मिळाला. आमचे हिऱ्याचे काम करणारे पालक सोबत होते. त्यांनी आपले दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून कॅमेऱ्याचे भिंग असे निरखले, की दुकानदार आपणहून पाचशे उतरला. चोवीस हजारांत सौदा झाला. उरलेल्या पैशांत दुसरी बॅटरी आणि स्मृतिपट्टी घेतली.

आश्विनातल्या नवरात्रात चौघा विद्यार्थ्यांनी आणि आम्ही त्याची परीक्षा घेतली. सोसायटीच्या आवारातला गरबा हे मंद प्रकाशाचे आणि वेगाचे असे विद्यापीठ आहे, की त्यातून जो उत्तीर्ण झाला त्याला पुढे भय नाही. पहिल्या रात्रीची साठ चित्रे वाया गेली. कॅमेरा अंधारात फोकस शोधीत राही आणि तो सापडेपर्यंत नाचणारी व्यक्ती वर्तुळात पुढे निघून गेलेली असे. दुसऱ्या रात्री युक्ती सापडली. गरब्याचे वर्तुळ फिरून पुन्हा त्याच जागी येते. मग त्या जागी आधीच बटण अर्धे दाबून फोकस बांधून ठेवावा आणि माणूस तेथे येताच बटण पूर्ण दाबावे. तिसऱ्या रात्री कळले, की काही चित्रे उजळ आणि काही काळी येतात, तो कॅमेऱ्याचा दोष नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, आणि पाचशेवा भाग कधी उजेडात सापडतो, कधी सावलीत. तारेचा हॅलोजन दिवा तापलेला राहतो म्हणून तो इतका लपलपत नाही. आम्ही संमेलनाच्या मंडपवाल्याकडे दोन हॅलोजन दिवे मागायचे ठरवले. आणि चौथ्या रात्री जे कळले ते भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आम्ही कित्येक वर्षे शिकवीत आलो होतो. वर उसळलेला देह सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो. टाळी मिटते तेव्हा हात थांबतो, गिरकी उलटते तेव्हा पाय थांबतो. प्रत्येक वेगाच्या पोटात एक थांबा असतो. तो ज्याला ओळखता येतो, त्याला पाचशेवा भागही लागत नाही.

आमच्या सुरतेहून रेल्वेने जवळच असलेल्या नवसारीत १९१३ साली होमाई व्यारावाला जन्मल्या. मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात शिकलेल्या या बाई भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर ध्वज फडकला, तो त्यांनी टिपला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ मध्ये वडोदऱ्यास त्या निवर्तल्या. त्या ज्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्याने काम करीत, त्याच्या एका फिल्मवर अवघी बारा चित्रे बसत. आमचा नवा कॅमेरा एका सेकंदात दहा चित्रे घेऊ शकतो. मुलांना आम्ही म्हणालो, की दहा घेता येतात म्हणून घेऊ नका. बाराच आहेत असे समजून थांबा आणि पाहा.

जानेवारी २०२५ चे संमेलन आले. या वेळी आम्ही पाहुण्यांच्या रांगेत नव्हतो. रंगमंचाच्या डाव्या कडेला, पडद्याच्या दोरीशेजारी, गुडघे टेकून बसलो होतो. लेझीमच्या पथकात पुढे मामांचा नातू होता. त्याने आजोबांचाच पिवळा फेटा बांधला होता. हलगी वाजली. आम्ही भिंग रुंद टोकाला, तोंड १.८ वर, आयएसओ १६०० आणि शटर पाचशेव्या भागावर ठेवून वाट पाहिली. त्याने उडी घेतली. वर पोहोचला. थांबला. आम्ही बटण दाबले. चित्रात लेझीमची प्रत्येक चकती दिसते, कपाळावरचा घामाचा थेंब दिसतो, आणि डोळे उघडे आहेत.

त्या चित्राची मोठी प्रत घेऊन आम्ही लिंबायतला मामींच्या घरी गेलो. नातवाला पाहून त्यांनी चित्रावरून हात फिरवला. चहा झाला. मग आम्ही, जे सांगण्यास आलो होतो ते सांगितले: की मामांचा फोटो बिघडला त्यात कॅमेऱ्याचा दोष अर्धा होता, उरलेला आमचा होता, आम्ही जागेवरून उठलो नव्हतो. शिक्षकाला आपली चूक सांगण्याची सवय नसते. वाक्य संपवताना आमचा आवाज नीट नव्हता.

मामी रागावतील असे वाटले होते. त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग आपल्या अहिराणी बोलीत म्हणाल्या, की तो फोटो त्यांना अजूनही हवा आहे. आम्ही चकित झालो. त्यात चेहरा नाही, असे आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, की चेहरा त्यांना पाठ आहे. भिंतीवरच्या फोटोत माणूस गप्प बसलेला आहे, आणि त्यांचा माणूस जन्मात कधी गप्प बसला नाही. त्या दिवशी शाळेत पाहिले तेव्हाच तो पिवळा फराटा त्यांना ओळखू आला होता. पण सरांना तो वाईट वाटतो आहे असे पाहून मागायला संकोच झाला.

आता मामींच्या घरी दोन चित्रे शेजारी शेजारी आहेत. एकात नातू हवेत थांबला आहे. दुसऱ्यात आजोबा थांबलेले नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, शाळेचा कॅमेरा कार्यालयातल्या कपाटात, डाव्या बाजूच्या खणात आहे. मागाल तेव्हा मिळेल. वहीत सही तेवढी करावी आणि बॅटरी भरून परत ठेवावी. पुढे कधी तुम्ही स्वतःचा घ्याल, तेव्हा भिंगाचे तोंड पाहा, सेन्सरचे माप पाहा, फोकस अंधारात किती चटकन सापडतो ते दुकानातला दिवा मालवून पाहा. हे सारे पाहून झाले, की खुर्चीवरून उठा आणि पुढे जा. ज्याचे चित्र हवे तो मनुष्य पुढच्या वर्षी असेलच, असे धरून चालू नका. आम्ही धरून चाललो होतो.